खारवट म्हणजे पडीक नव्हे

पनवेल तालुक्यातली रोडपाली-कळंबोलीकडची सखल जमीन दाखवून लोक सहज म्हणतात, ‘खारवट आहे, तिथं काय उगवणार? भराव टाकून मोकळे व्हा.’ कोकणातल्या खाडीकाठी ओहोटीला जाऊन पाहिलं तर हे म्हणणं टिकत नाही. तिथं चिखलाला चिकटून एल्युरोपस नावाचं बुटकं गवत पसरलेलं असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले जे मुळांवाटे आत शिरतात, ते हे गवत पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या हवेत पानावर मिठाचे कण दिसतात.

दुसरा पक्ष जास्त लबाड आहे: ‘गवत चिवटच असतं, काहीही सोसेल.’ नाही सोसत. मीठ बाहेर फेकायला, उरलेलं पेशीतल्या रिक्तिकेत कोंडायला आणि पाणी धरून ठेवणारं प्रोलीन बनवायला ऊर्जा लागते, आणि ती वाढीतून वजा होते. म्हणून तर ते बुटकं. शिवाय ही तयारी मिठाशी आणि भरतीशी झुंजण्याची आहे. अंगावर मुरूम पडला किंवा कारखान्याचं सांडपाणी आलं, तर ती कामाची नाही.

खाऱ्या जमिनीची किंमत आगरी-कोळी शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. बंधारा घालून भरती अडवायची, बंधाऱ्यातल्या उघाडीतून, म्हणजे झडपेच्या दारातून, पावसाचं पाणी सोडायचं, पहिल्या सरींनी क्षार धुऊन गेले की मोड आलेलं बियाणं फेकायचं. राता भात असाच पिकला. भात हेही गवतच, आणि त्याचा पेंढा गुरांची वैरण. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे; ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे क्षार सोसणारे भाताचे वाण तिथलेच. ज्या तालुक्यात हे काम झालं, तिथंच खाऱ्या जमिनीला नापीक ठरवणं हे अज्ञान नाही, सोय आहे.

उद्यानांत गोड्या पाण्यावर पोसलेली विकतची हिरवळ अंथरायची आणि शेजारचं खारं गवत गाडायचं, हा उलटा व्यवहार आहे. सिडकोने आणि पनवेल महापालिकेने भरतीचं आणि पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावांच्या काठी भराव थांबवावा, भरतीचं पाणी येऊ द्यावं आणि तिथलं गवत तिथंच राहू द्यावं.