सुरवंट, बोंडअळी आणि आपले ‘प्रोजेक्ट’

“हे तं बोंडअळी होय!”

तिसरीतला एक पोरगा जागेवरूनच ओरडला आणि अख्खा वर्ग माझ्या हातातल्या पुस्तकाभोवती गोळा झाला. आमच्या घरापासून सात-आठ किलोमीटरवरची ही जिल्हा परिषदेची शाळा. दर गुरुवारी दुपारी मी तिथं गोष्ट सांगायला जाते. त्या दिवशी हातात होतं एरिक कार्ल या अमेरिकी चित्रकाराचं, १९६९ साली निघालेलं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक. भाचीनं पुण्याहून पाठवलेलं. पुस्तक इंग्रजीत, मुलं वऱ्हाडी बोलणारी, आणि माझं इंग्रजीही जेमतेमच. पण काही अडलं नाही. सुरवंटानं खाऊन पाडलेली खरीखुरी भोकं त्या पानांना आहेत, त्यात बोट घालून बघायचं. मजकूर अगदी थोडका. मी आपली बोलीत सांगत गेले.

शहरातल्या मुलांना हा सुरवंट गोड वाटतो म्हणे. आमच्या वर्गात मात्र गलका झाला. “याच्यावर फवारा मारा लागते!” “माह्या बाबानं याच्यापायी पऱ्हाटी उपटून फेकली!” २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात कापसाचं काय केलं ते तुम्हाआम्हाला आठवतं. ही मुलं तेव्हा पाळण्यात होती, पण घरात ऐकून ऐकून ती आठवण त्यांचीही झाली आहे. शेवटच्या पानावर त्या सुरवंटाचं भलंमोठं रंगीत फुलपाखरू झालं, तेव्हा सगळे गप्प. मग मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, “मंग बोंडअळीचं बी फुलपाखरू होते का?”

मला उत्तर येत नव्हतं. तसं सांगून टाकलं. म्हटलं, मीही विचारते, तुम्हीही घरी विचारा.

पुढच्या गुरुवारी गेले तर मुलं माझ्या पुढं होती! एकानं वडिलांना विचारून शेतातला कामगंध सापळाच आणला होता. त्या सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासावर नर पतंग येऊन अडकतात, हे त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. पिशवीत बारके, मातकट रंगाचे मेलेले पतंग होते. म्हणजे बोंडअळीचं फुलपाखरू होत नाही, रात्री उडणारा पतंग होतो. फरदड घेऊ नका, डिसेंबरनंतर शेतात कापूस ठेवू नका असं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे लोक का सांगतात, तेही त्यातून निघालं. अन्न नाही मिळालं तर अळीची पुढची पिढी वाढणार कशी? (हे विद्यापीठही १९६९ सालचंच, बरं का!)

मग बाईंनी वर्गात एक काचेची बरणी ठेवली. बांधावरच्या रुईच्या पानावरची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी पानांसकट तिच्यात ठेवली, तोंडाला फडकं बांधलं. रोज ताजी पानं द्यायची, किती पानं खाल्ली ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. रुईचा चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून पानं तोडायचं काम बाईंनी स्वतःकडे ठेवलं, ते बरं केलं. अळीचा हिरवा कोष झाला, आणि काही दिवसांनी एके सकाळी परिपाठाच्या आधीच नारिंगी फुलपाखरू बाहेर आलं. त्या दिवशी प्रार्थना जरा उशिरा झाली.

मुलांनी स्वतःचं पुस्तकही केलं. कागद कुठला? लग्नपत्रिकांचा. लग्नसराई संपली की प्रत्येक घरात शंभर पत्रिका पडलेल्या असतात, आतली बाजू बहुतेक कोरीच असते. कणकेची खळ करून त्या एकमेकींना चिकटवल्या, पंख्यासारख्या घड्या घातल्या. रंग हळदीचा, गेरूचा, चुलीतल्या कोळशाचा, पळसाच्या सुकवलेल्या फुलांचा. त्यांच्या अळीनं बोरं खाल्ली, सीताफळ खाल्लं, संत्र्याच्या फोडी खाल्ल्या, आणि रविवारी बसस्टँडवरची कचोरी खाऊन तिचं पोट दुखलं. शेवटी फुलपाखरू करायचं की पतंग, यावर वर्गात भांडण झालं. अर्ध्यांनी फुलपाखरू काढलं, अर्ध्यांनी पतंग. दोन्ही पुस्तकं दोरीवर टांगली आहेत.

आता माझं पाप सांगते.

माझी मुलगी पाचवीत असताना तिच्या शाळेनं ‘सूर्यमाला’ असा प्रोजेक्ट दिला होता. तीन दिवसांत आणायचा. शाळा चांगल्या नावाची, फी भरपूर. मी दुकानातून थर्मोकोल, चमकी, रेडिमेड चित्रांचा तक्ता असं सगळं आणलं आणि रात्री एक वाजेपर्यंत बसून ग्रह कापले. मुलगी शेजारीच झोपली होती. पहिला नंबर आला! मी मैत्रिणींना फोन करून सांगितलंही. दोन दिवसांनी पाहुण्यांसमोर तिला म्हटलं, “सांग ना, शनीला कडं कशाचं असतं?” तर ती म्हणाली, “तुला माहीत, तूच केलंस ना!”

हसू नका, तुमच्याही घरी हेच चालतं. जून-जुलैत स्टेशनरीच्या दुकानात प्रोजेक्टच्या वह्या घेणाऱ्या कोण असतात? आयाच. ‘भाज्या’, ‘वाहने’, ‘थोर नेते’ अशी चित्रांची पानं विकत घ्यायची, कापायची, चिकटवायची, सुवाच्य अक्षरात खाली नाव लिहायचं. २०१८ साली राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली तर आपण रंगीत फोमशीट घेऊ लागलो, एवढाच काय तो फरक पडला. त्या वहीत मुलाचं काय असतं? आणि ज्या मुलाची आई दिवसभर वेचणीला जाते, त्यानं काय करायचं? त्याची वही कोरी राहते आणि वर्गात शेरा त्याला मिळतो.

म्हणूनच मला वाटतं की प्राथमिक शाळेतलं हे प्रोजेक्टचं काम चित्रांच्या पुस्तकातून सुरू व्हावं, आणि वर्गातच व्हावं. ‘बोंडअळी’ म्हणून ओरडलेल्या पोराला अजून धड वाचता येत नाही. धडा वाचायला उठवलं की तो पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभा राहतो. पण चित्र समोर आलं की तो शहाणा होतो. एकदा दुसऱ्या पुस्तकात शेळीचं चित्र होतं. वीस मुलं ‘शेळी’ म्हणाली, हा म्हणाला, “बाई, हे बकरी गाभण हाये. पोट पाहा ना.” मी निरखून पाहिलं, खरंच चित्रकारानं पोट तसं काढलं होतं! मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडं तर घरात कोरकू बोलणारं लेकरू पहिलीत येतं आणि समोर मराठी पुस्तक असतं. शब्द त्याला परके असले तरी झाड, कोंबडी, आजी परकी नसते. तिथून बोलणं सुरू करता येतं.

ही काही नवी गोष्ट नाही. लग्नानंतर ज्यांचा काही काळ आपल्या अमरावतीत गेला, त्या ताराबाई मोडक पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ साली ते कोसबाडला नेलं. त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी पानं, बिया, शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य केलं. विकतच्या साहित्यावाचून त्यांचं अडलं नाही, मग आपलं का अडावं?

“पुस्तकं कुठून आणायची?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात. अहो, बऱ्याचदा ती शाळेतच असतात! आमच्या भागातल्या एका शाळेत कपाट उघडायला लावलं, तर आत नॅशनल बुक ट्रस्टची सुंदर चित्रांची पुस्तकं, पानंही न उलगडलेली. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “मॅडम, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. फाटलं, हरवलं तर उत्तर मला द्यावं लागते.” म्हणून वर्षानुवर्षं कुलूप. पुस्तक फाटणं हा गुन्हा आणि न उघडणं ही शिस्त, असा हा न्याय! मुलांच्या हातात गेलेलं पुस्तक फाटणारच. फाटलेली पानं चिकटवायला दोन आया महिन्यातून एक तास बसल्या तरी पुरे, आम्ही बसतो.

मैत्रिणींनो, यात आपल्याला नुसतं बोलायचाच नाही तर मागायचाही अधिकार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका ठरवल्या आहेत. आपण समितीत नावापुरत्या असतो. रजिस्टर घरी येतं, आपण सही करतो. पुढच्या सभेला प्रत्यक्ष जा आणि एवढंच विचारा की ग्रंथालयाची किल्ली कुणाकडं असते.

ज्या शाळेत खरोखर काहीच नाही, तिथंही वाट आहे. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘चित्रवाचन’ ही पुस्तकं वाढदिवसाच्या केकपेक्षा महाग नाहीत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तकं २०१५ पासून फुकट वाचता येतात, मोबाइलवरही. मात्र पुस्तक निवडताना जरा पाहून घ्या. भडक चित्रं आणि शेवटी ‘तात्पर्य’ असलेल्या पुस्तकातून काही फुटत नाही, कारण उत्तर आधीच छापलेलं असतं. ज्या चित्राबद्दल मुलं भांडतील ते चित्र चांगलं.

खासगी शाळेत मुलं घालणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, “पण पोर्शन कधी पूर्ण होणार?” त्या बरणीतल्या अळीनं परिसर अभ्यासाचा धडा झाला, पानं मोजताना बेरीज झाली, पुस्तक करताना लिहिणं झालं. बाईंनी मला तक्ता दाखवला, दोनच तासिका इकडच्या तिकडं झाल्या होत्या.

आणि हो, तो बकरीवाला पोरगा. मागच्या गुरुवारी त्यानं माझ्याकडं गाभण बकरीचं पुस्तक मागितलं. माझ्याकडं नव्हतं. मग त्यानं स्वतःच काढायला घेतलंय, पत्रिकांवर. तीन पानं झालीत. चौथ्या पानावर अडलाय, कारण पिल्लाचे पाय आधी बाहेर येतात की डोकं, यावर त्याचं आणि आजीचं जमत नाहीये.