एक पंखा, सोळा तास

विजेच्या बचतीवर मी अनेक शाळांत बोललो आहे. खोलीतून बाहेर पडताना दिवे बंद करा, पंखा विनाकारण चालू ठेवू नका, हा माझा ठरलेला उपदेश. दोन वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानानंतर नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमची एकच खोली आहे आणि माणसे पाच. खोलीत कोणी ना कोणी असतेच. मग बंद काय करायचे?" मुले हसली. मला हसता आले नाही.

त्याच्या घराचाच हिशेब करून पाहू. वर पत्र्याचे छप्पर. तापलेला पत्रा खाली खोलीत उष्णता सोडत राहतो, म्हणून उन्हाळ्यात पंखा दिवसाचे सोळा तास तरी फिरतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट शक्ती घेतो. ७५ गुणिले १६ म्हणजे १,२०० वॅट-तास, रोजचे १.२ युनिट, महिन्याचे ३६. हल्ली ब्रशरहित मोटरीचे पंखे मिळतात, ते ३० वॅटच्या आसपास चालतात. त्यांना महिन्याला साडेचौदा युनिटे पुरतात. (जुना पंखा हळू फिरवा, असे कोणी सुचवील, पण जुन्या, खोक्यासारख्या रेग्युलेटरमध्ये वाचणाऱ्या विजेचा बराचसा भाग उष्णता होऊन वाया जातो. म्हणून तर तो गरम लागतो.)

मग ते कुटुंब नवा पंखा का घेत नाही? कारण तो बराच महाग आहे आणि पैसे एकदम मोजावे लागतात. हाती रक्कम असलेला माणूस कमी वीज खाणारे उपकरण आणतो. नसलेला दरमहा जादा बिल भरतो. याला आपण उधळेपणा म्हणतो, हे मला चुकीचे वाटते.

दुसरी अडचण मीटरची. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना दर कमी असतो, १०१ ते ३०० युनिटांना बराच जास्त. गरिबाला स्वस्त वीज मिळावी, हा त्यातला हेतू. पण चार भाडेकरूंच्या खोल्या एकाच मीटरवर असतील आणि प्रत्येकजण ६० युनिटे वापरीत असेल, तर मीटर २४० दाखवतो. त्यांतली १४० युनिटे वरच्या दराने आकारली जातात. वेगळे मीटर असते तर एकही गेले नसते. स्थिर आकार चौपट पडला असता, हे खरे. पण फायदा कशात आहे, हे घरचे बिल समोर ठेवून तुम्हीच काढा.

२०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत एलईडी बल्ब स्वस्तात मिळाले. काही ठिकाणी त्यांची किंमत वीजबिलातून हप्त्याहप्त्याने फेडता येई. ६० वॅटच्या तारेच्या बल्बाएवढा उजेड ९ वॅटमध्ये मिळू लागला. पंख्यांसाठी अशी हप्त्यांची सोय वस्त्यावस्त्यांत पोहोचावयास हवी, आणि भाड्याच्या खोलीला स्वतंत्र मीटर सहज मिळावयास हवा. माझ्या उपदेशापेक्षा त्याने अधिक वीज वाचेल.

शिक्षकांना एक विनंती. हे गणित वर्गात जरूर घ्या, पण मुलांना घरची बिले आणावयास सांगू नका. नमुन्याचे एक बिल फळ्यावर लिहा. कोणाच्या बिलावर मागची थकबाकी असते, आणि ती वर्गाने वाचावी असे त्याला वाटत नसते.