उत्तर बरोबर, पण कण कोणता?

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात नीट-जेईईची तयारी करणाऱ्या कुठल्याही लेकराला विचारा, प्रोटॉन कशाचा बनलाय? दोन अप क्वार्क, एक डाऊन क्वार्क, असं उत्तर लगेच येईल. अपचा भार +2/3, डाऊनचा −1/3, बेरीज एक. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात हा सरावप्रश्न कित्येक वर्षं होता. उत्तर बरोबर. चला, पुढचा प्रश्न.

माझं म्हणणं एवढंच आहे की खरी गोष्ट इथून सुरू होते आणि आपण नेमकं इथंच पान उलटतो.

बघा, डेल्टा प्लस नावाचा आणखी एक कण आहे. त्यातही अप, अप, डाऊन हेच तीन क्वार्क. पण प्रोटॉनचं वस्तुमान 938 एमईव्ही, तर याचं 1232. एमईव्ही हे कणांचं वजन मोजायचं माप. आतलं सामान तेच, मग हा तीस टक्के जड कसा? प्रोटॉनमध्ये एका क्वार्कचा स्पिन बाकी दोघांच्या उलट असतो, डेल्टात तिन्ही एकाच दिशेला. तेवढ्यानं ऊर्जा वाढते, आणि ऊर्जा वाढली की वस्तुमान वाढतं. एकतारीची तार एकच, सूर वेगवेगळे, तसंच हे. डेल्टाची पहिली चाहूल 1952 साली शिकागोत फर्मी यांच्या प्रयोगात लागली. अशा कितीतरी उत्तेजित अवस्था पुढं सापडल्या.

त्याहून मोठी गंमत ऐका. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान मिळून होतं जेमतेम 9 एमईव्ही, म्हणजे शंभरातला एक हिस्सा. बाकीचं सगळं वजन त्यांच्या धावपळीचं आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनच्या ऊर्जेचं. साठ किलोच्या माणसात क्वार्कांचं स्वतःचं वजन अर्ध्या-पाऊण किलोच्या आसपास!

हे सगळं परदेशातच चालतं असं समजू नका. 2017 साली जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या एलएचसीबी प्रयोगात ओमेगा-सी या बेरिऑनच्या पाच नव्या उत्तेजित अवस्था एकदम सापडल्या. त्यात एक चार्म आणि दोन स्ट्रेंज क्वार्क. कोणत्या अवस्थेचा स्पिन किती, याचा अंदाज त्याच वर्षी संगणकावरच्या गणितातून मांडला तो एम. पद्मनाथ आणि मुंबईच्या टीआयएफआरमधले नीलमणी माथुर यांनी. आणि हा विषय संपलेला नाही. क्वार्कच्या सिद्धांतानुसार जितक्या अवस्था असायला हव्यात, तितक्या अजून सापडलेल्याच नाहीत.

आता कुणी म्हणेल, यानं पोट भरतं का? शेत गहाण टाकून फी भरणाऱ्या बापाला मी क्वार्कचं प्रवचन देणार नाही. लातूर पॅटर्ननं खेड्यापाड्यातली लेकरं डॉक्टर केली, हे लई मोठं काम आहे. पण सीट न मिळालेल्या हजारो लेकरांचं काय? दोन वर्षं रोज गणित-फिजिक्स घासलेलं लेकरू एका निकालानं ‘वाया गेलं’ ठरतं. त्याला एमएस्सी, संशोधन असाही रस्ता आहे, हे कुणी सांगतच नाही.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभी राहतेय. 2023 साली केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले. न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की उठणाऱ्या लहरीही तिथं टिपल्या जातील, आणि न्यूट्रॉन हासुद्धा बेरिऑनच. तिथं आपली लेकरं फक्त गेटवर आणि कँटीनमध्ये दिसणार का?

क्लासवाल्यांना आणि कॉलेजांना एकच मागणं आहे. आठवड्यातला एक तास बिनमार्कांचा ठेवा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातले, जवळच्या कॉलेजातले फिजिक्सचे प्राध्यापक बोलवा आणि लेकरांना मनसोक्त विचारू द्या.

आणि तुमच्या घरात बारावीचं लेकरू असेल तर आज जेवताना विचारून बघा: अप, अप, डाऊन म्हणजे प्रोटॉन की डेल्टा? काय उत्तर आलं ते खाली लिहा.