ग्रॅम्ब्लिंगच्या खेळाडूंचा बहिष्कार

अमेरिकेतील लुइझियानाचे ग्रॅम्ब्लिंग हे कृष्णवर्णीयांचे छोटे विद्यापीठ. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद होती, तेव्हा प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी तेथे फुटबॉलचा संघ घडविला आणि १९९७ पर्यंत ४०८ सामने जिंकले. २००८ नंतर मात्र राज्य सरकारने विद्यापीठाचे अनुदान निम्म्याहून अधिक कापले. बुरशी लागलेल्या खोल्या, सामन्यासाठी बसने शेकडो मैलांचा प्रवास! अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये खेळाडूंनी जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्यावरच बहिष्कार टाकला. आधी साधने हिरावायची, मग गुणवत्ता नाही म्हणून हिणवायचे, ही चाल आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभारली. अशा संस्था जगविणे समाजाचे कर्तव्य आहेच; पण अनुदान हा उपकार नव्हे, तो हक्क आहे. तो संघटितपणे मागितलाच पाहिजे!