घराखाली कोळसा

‘गावाकडे घर आहे ना?’ पुण्यात कुणी विचारलं की मी गप्प होते. माझं बालपण भद्रावतीजवळच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत गेलं. 1973 मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे आजोबांना क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, अंगणात आजीनं लावलेला कडुलिंब. पलीकडच्या खाणीत दुपारी ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची भांडी थरथरायची. आम्ही त्यावर घड्याळ लावायचो! मग आमची भूमिगत खाण ओपनकास्ट झाली आणि कॉलनी पाडली. कारण साधं, कोळसा आमच्याच घराखाली होता. शेतमालकाला जमिनीचा मोबदला मिळतो. क्वार्टरवाल्यांना फक्त ‘खाली करा’ची नोटीस. भद्रावतीची विजासन लेणी शेकडो वर्षं टिकली, आमचं घर पन्नासही नाही. तुमचं लहानपणीचं घर अजून उभं आहे? मग या दिवाळीत मॉल सोडा, तिकडे जाऊन या.