ऑटोमॅटिक म्हणजे बिनडोक नव्हे!

मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो. भाऊजींची ऑटोमॅटिक गाडी, आत आम्ही पाच जण आणि डिकी गच्च भरलेली. वाडा कुंभरोशी मागे पडलं, आंबेनळी घाट सुरू झाला आणि मागून बाबा म्हणाले, "जावईबापू, खालच्या गिअरमध्ये घ्या."

"बाबा, ही ऑटोमॅटिक आहे. हिला काही सांगावं लागत नाही!" भाऊजी हसले. आम्हीही हसलो.

अर्ध्या तासाने जळका वास आला. पुढच्या ट्रकचा असेल असं वाटलं, पण पुढे ट्रकच नव्हता! एका वळणावर भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. ब्रेकचा पेडल स्पंजासारखा आत जात होता. त्यांनी तो दोन-तीनदा दाबला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला कशीबशी थांबवली. दरी दुसऱ्या बाजूला होती, एवढंच नशीब.

चाकं गार होईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. मग भाऊजींनी दांडा 'डी' वरून 'एम' कडे सरकवला, दुसरा गिअर घेतला आणि पोलादपूरपर्यंत ब्रेकला फारसा पाय लावावा लागला नाही. म्हणजे उपाय गाडीतच होता. वापरला मात्र नव्हता.

माझं भांडण भाऊजींशी नाही, त्या 'काही करावं लागत नाही' या वाक्याशी आहे. शोरूममध्ये तो अधिक-उण्याचा दांडा 'स्पोर्टी ड्रायव्हिंग'साठी म्हणून दाखवतात. म्हणजे तरुणांचं खेळणं! घाटात तो काय कामाचा, हे आम्हाला तरी कुणी सांगितलं नाही. आपला कायदाही दुचाकीच्या लायसनला गिअरची आणि बिनगिअरची असा भेद करतो, मोटारीला करत नाही. त्यामुळे आयुष्यात गिअर न टाकलेला माणूस बिनदिक्कत घाट उतरतो.

जरा हिशोब करू. माणसं आणि सामान धरून १,४०० किलोची गाडी १,३०० मीटर खाली आली, की साधारण पाच युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. दोन किलोवॅटचा गीझर अडीच तास चालवण्याइतकी! काही वारा खातो, काही टायर खातात. उरलेली एकतर इंजिनाने खायची, नाहीतर ब्रेकच्या चकत्यांनी. 'डी' मध्ये गाडीला वाटतं तुम्हाला आरामात जायचंय, म्हणून ती वरचा गिअर धरते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरलेलं मात्र १४० च्या आसपास उकळू शकतं. मग त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल दाबला की बुडबुडे दबतात आणि ब्रेक लागतच नाही. आमचं हेच झालं असणार.

यावर हमखास येणारे आक्षेप तीन.

पहिला, "हल्लीच्या गाड्या उतार ओळखून स्वतःच गिअर उतरवतात." काही उतरवतात, सगळ्या नाहीत. आणि गिअरबॉक्सला वेग कळतो, पुढचं वळण दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं.

दुसरा, "इंजिन खराब होईल." लाल रेषेच्या आत फिरणाऱ्या इंजिनाला काही होत नाही. फार वेगात खालचा गिअर मागितलात, तर बहुतेक गाड्या तो नाकारतात. पण त्या भरवशावर राहू नका, आकड्याच्या काट्याकडे लक्ष असू द्या.

तिसरा आणि सगळ्यात घातक, "उतारावर न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं." साफ चूक! इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनाचं इंधन बहुतेक वेळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे पेट्रोलही गेलं आणि इंजिनाचा आधारही.

बरं, मग करायचं काय? उतार लागायच्या आधीच 'एम' मध्ये या. (काही गाड्यांत 'एल', 'एस' किंवा '२' असतं, हायब्रिडमध्ये 'बी'. आपल्या गाडीचं पुस्तक एकदा वाचाच.) आधी ब्रेकने वेग कमी करा, मग एकेक गिअर उतरा. भर वळणात, त्यातून ओल्या रस्त्यावर, खालचा गिअर ओढू नका, चाकं घसरतात. ब्रेक सतत चोळत बसू नका. नीट दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणून मागे गाडी असेल तर पेडलला हलका स्पर्श करा. सपाटी आली की खुशाल 'डी'.

आणि उलट टोकाच्या वीरांनाही सांगते, हा दांडा ओव्हरटेकची मर्दुमकी दाखवायला नाही. चढावर गिअर अडकवून ठेवायला तो जरूर वापरा, पण आंधळ्या वळणावर कुठलाच गिअर वाचवत नाही.

जुने ड्रायव्हर म्हणायचे, ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. क्लच गेला म्हणून घाट काही सपाट झाले नाहीत.

असो. परतीच्या वाटेवर बाबांनी काही सांगायची वेळ आली नाही. प्रत्येक उताराच्या तोंडाशी भाऊजींचा हात आपसूक दांड्यावर जात होता. यावेळी मात्र कुणी हसलं नाही.