महिन्याचा हिशेब आणि विसरलेला खाडा

'खाडा' हा शब्द हल्लीच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. आमच्या परळ-लालबागमध्ये तो घरोघरी रोजच्या वापरातला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दुधाच्या दिवशी फुली मारली की झाला खाडा. सुट्टीत गावी गेलो, पाहुणे आले नाहीत म्हणून दूध कमी घेतलं, पेपर आला नाही, तर तेवढ्या दिवसांचे पैसे महिनाअखेरीला वजा व्हायचे. दूधवाला थोडी कुरकुर करायचा, पण वजा करायचा.

गिरणगावातल्या खानावळींचा व्यवहारही असाच महिन्याच्या बोलीवर चालायचा. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार इथे एकटा राहायचा आणि चाळीतल्या एखाद्या बाईकडे दोन वेळचं जेवायचा. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या आणि वाण्याच्या तावडीतून त्या सुटाव्यात म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगारांचा पगार थांबला, पण कित्येक बायकांनी त्यांचं ताट बंद केलं नाही. त्यात अनेकींची उधारी बुडाली. धंद्याच्या दृष्टीने तो तोटाच होता. पण जेवणारा कोण आहे, त्याच्या घरी काय चाललंय, हे त्या बाईला माहीत होतं. महिन्याच्या व्यवहारात ओळखही होती आणि लाजही होती.

आज याच महिन्याच्या बोलीला आपण सबस्क्रिप्शन म्हणतो. मालिका बघायच्या, सबस्क्रिप्शन. गाणी ऐकायची, सबस्क्रिप्शन. मुलांचा अभ्यास, फोटो साठवायची जागा, घरपोच सामान फुकट यावं म्हणून घेतलेलं सभासदत्व, सगळं महिन्यावर किंवा वर्षावर. सोय आहे, हे मी नाकारत नाही. तालुक्याच्या गावी बसून मुलगी मुंबईच्या शिक्षकाचा तास ऐकते, हे काही थोडं नव्हे. पण या नव्या व्यवहारात एक गोष्ट गुपचूप गळाली. ती म्हणजे खाडा. तुम्ही महिनाभर ते ॲप उघडलं नाही, तरी पैसे पूर्ण कापले जातात. उलट, तुम्ही विसरून जावं यातच समोरच्याचा फायदा असतो.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचं उदाहरण सांगते. एका ॲपने 'फक्त १ रुपयात आठवडाभर बघा' म्हटलं. नातवाने मालिका लावून दिली आणि तो पुण्याला निघून गेला. आठवड्यानंतर दर तीन महिन्यांनी काकूंच्या पेन्शनच्या खात्यातून पैसे जाऊ लागले. त्यांनी ॲप फोनमधून काढून टाकलं, तरीही जातच राहिले. बँकेचा मेसेज यायचा, पण इंग्रजीत. ॲपचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न एका ॲपचा नाही. आत यायला एक बटण आणि बाहेर पडायला भुलभुलैया, ही आता रीतच झाली आहे.

टीव्हीच्या बाबतीत आम्ही मुंबईकरांनी हे आधी पाहिलंय. नव्वदच्या दशकात केबलवाला सांगेल तो भाव आणि दाखवेल ते चॅनल, असा कारभार होता. ग्राहकाने हवं तेवढंच घ्यावं आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत, म्हणून 'कॅस' नावाची पद्धत आली. ३१ डिसेंबर २००६ पासून ती दिल्ली, कोलकाता आणि मुंबईच्या जाहीर केलेल्या भागांत लागू झाली. मुंबईत तो मान दक्षिण मुंबईला मिळाला. गिरगावातल्या आमच्या मामींकडे सेटटॉप बॉक्स आला तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले होते. निदान ३० फुकट चॅनल ७७ रुपये अधिक करात आणि पैशांचा चॅनल जास्तीत जास्त ५ रुपयांना, असा ट्रायने म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने दर बांधून दिला होता. मामींनी कागद-पेन्सिल घेऊन चॅनल निवडले होते.

पुढे १ नोव्हेंबर २०१२ पासून सगळ्या मुंबईत बॉक्स सक्तीचा झाला. १ फेब्रुवारी २०१९ पासून देशभर नवे नियम आले. १०० चॅनलसाठी १३० रुपये अधिक कर, आणि पैशांचे चॅनल आपापल्या आवडीने. कागदावर हा बायकांच्या मनासारखा कारभार होता, भाजीवालीकडून निवडून घ्यावी तसा. पण झालं काय? सुट्या चॅनलांचे भाव चढे ठेवले आणि तेच चॅनल घातलेले पॅक स्वस्त केले. एका मालिकेसाठी सुटा चॅनल घ्यायला गेलं तर वाटायचं, थोड्या जास्त पैशांत अख्खा पॅक मिळतोय, तोच घेऊ. मग न बघायचे चॅनलही घरात आले. २०२० मध्ये ट्रायने याला लगाम घालायचा प्रयत्न केला, तर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ज्यांनी वेळेत निवड केली नाही, त्यांच्यासाठी २०१९ मध्येच 'बेस्ट फिट प्लॅन' काढला होता. तुमच्या वतीने निवड दुसराच करणार! नियम ग्राहकाच्या बाजूचा असला तरी निवडीची मांडणी ज्याच्या हातात, पारडं त्याच्याकडे झुकतं, हा त्यातला धडा.

फोनच्या रिचार्जचंही तसंच. महिन्याचा म्हणून घेतलेला रिचार्ज २८ दिवसांचा असतो. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतं, असं वाटतं. पण ३६५ ला २८ ने भागून बघा. वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात. घरात चार फोन असतील तर वर्षाला चार रिचार्ज जादा. याबद्दल तक्रारी झाल्या, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा किमान एक प्लॅन ठेवायला लावलं. डिसेंबर २०२४ मध्ये नुसत्या बोलण्यासाठी आणि मेसेजसाठी, म्हणजे इंटरनेटशिवायचा, वेगळा रिचार्जही सक्तीचा केला. सासूबाईंच्या साध्या फोनला इंटरनेटचे पैसे का भरायचे? पण हे प्लॅन जाहिरातीत ठळक दिसत नाहीत. विचारावे लागतात.

व्यवहार ठरल्यावर अटी बदलणं हा आणखी एक प्रकार. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर भारतात १७ जून २०२५ पासून कार्यक्रमांत जाहिराती सुरू झाल्या. त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे. ज्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरले होते, त्यांच्याही पडद्यावर जाहिराती आल्या. २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टारबरोबर एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं आणि फुकटची वेळ मर्यादेत आली. कंपन्यांनी फुकट द्यावं असं मी म्हणत नाही. पण सवय लावायची आणि मग किंमत सांगायची, हा धंदा आपण ओळखायला हवा.

आनंदाची गोष्ट म्हणजे कायद्याने आता या युक्त्यांना नावं दिली आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या पद्धतींवर बंदी घातली. 'फक्त दोनच शिल्लक' असं खोटंच सांगून घाई करणं, न विचारता बिलात विमा किंवा देणगी घुसवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, शेवटच्या पानावर भाव वाढवणं, आणि सबस्क्रिप्शन बंद करणं मुद्दाम अवघड ठेवणं, हे सगळं त्यात आहे. अमेरिकेत तर सप्टेंबर २०२५ मध्ये याच प्रकारच्या आरोपांवरून ॲमेझॉनने सरकारशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. आरोप कंपनीने मान्य केले नाहीत. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे ठरले. सभासदत्व रद्द करण्याच्या वाटेला कंपनीत 'इलियड' म्हणत, असं तिथल्या सरकारी तक्रारीत होतं. इलियड म्हणजे लांबलचक युद्धाचं ग्रीक महाकाव्य. नाव ठेवणाऱ्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक असणार!

मग आपण काय करायचं? पहिलं म्हणजे, ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ज्या यूपीआय ॲपने पैसे भरता, त्यात 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाची जागा असते. दर महिन्याला कोणाला पैसे जातात त्याची यादी तिथे दिसते आणि तिथूनच ते थांबवता येतं. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत बघा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी कळवणं बंधनकारक आहे. तो मेसेज इंग्रजीत असेल तर शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, पण पुसू नका. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगातही तक्रार करता येते. मुंबईला खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

दीडशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असं तुम्ही म्हणाल. कंपन्यांचाही हिशेब नेमका हाच असतो. एकेकीचे दीडशे रुपये किरकोळ, पण लाखो घरांतून आलेले दीडशे किरकोळ राहत नाहीत. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली तेव्हा शेजारच्या घरांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र घ्यायची पद्धत तिने घालून दिली. एकटी बाई वाण्याशी भांडू शकत नव्हती, संघ बोलू शकत होता. तुमच्या गावात बचत गट आहे, भिशी आहे, भजनी मंडळ आहे. पुढच्या बैठकीला सगळ्यांनी आपापले फोन घेऊन बसा आणि ऑटोपेची यादी उघडा. कोणाच्या खात्यातून काय जातंय ते वहीत लिहा. जे कोणी वापरत नाही, ते तिथेच बंद करा आणि जे बंद होत नाही, त्याची तक्रार सगळ्यांनी मिळून १९१५ वर नोंदवा.